लाल खिडकीखालचा प्याला

१

सागवानी पेटी उघडली. आत निळी मखमल होती, मखमलीत प्याल्याच्या मापाचा खळगा होता. प्याला मात्र नव्हता.

पुष्पाबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला. त्यांनी मखमल चाचपून पाहिली, जणू वीतभर उंचीचा चांदीचा प्याला कापडाच्या घडीत लपून बसला असावा. मग त्या मागं वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सकाळी ठिवल्ता हो यात. म्या सोता कुलूप लावलं."

त्यांच्या मागं संध्या वाघमारे उभ्या होत्या. हा प्याला पाहायलाच त्या दुपारच्या गाडीनं परतूरहून जालन्याला आल्या होत्या.

संध्याताई मूळच्या वाटूरच्या. सगळी नोकरी पोलिसांच्या गुन्हे शाखेत गेली, तीही बाहेरच्या जिल्ह्यांत. निवृत्त झाल्यावर परतूरला घर केलं आणि पायाला भिंगरी लावून घेतली. जुनी प्रार्थनास्थळं पाहायची हा त्यांचा छंद. बुद्धगया झाली, लडाखचे मठ झाले, गोव्याची चर्च झाली. पण तिकडं कुणी गाव विचारलं आणि यांनी जालना सांगितलं, की समोरचा म्हणायचा, हां हां, बियाणं आणि लोखंडी सळया. तेवढ्यावर जालना संपायचं. ते त्यांना लागायचं. आपण देश पालथा घातला आणि आपल्याच जिल्ह्याच्या शहरात काय उभं आहे ते धड पाहिलं नाही, असं मनात आलं. तेव्हा या हिवाळ्यात त्यांनी जालन्यातली चर्च आणि मठ एकेक करून पाहायचे ठरवले, आणि सुरुवात केली ती जुन्या छावणीच्या कडेला असलेल्या या चर्चपासून.

लोक त्याला लाल खिडकीचं चर्च म्हणत. काळ्या दगडाचं, बसक्या मनोऱ्याचं, आतून थंडगार. वेदीच्या मागच्या भिंतीत उंच रंगीत काचेची खिडकी, तिच्यात लाल रंग अधिक. संध्याताई आत आल्या तेव्हा दिवस कलला होता. उजेड होता तो त्यांच्या पाठीमागून, दारातून येणारा. बाकांच्या सावल्या वेदीकडं लांबल्या होत्या आणि खिडकीची काच काळपट, विझल्यासारखी दिसत होती. तरी त्या दगडी कमानींखाली उभं राहून त्यांचा ऊर भरून आला. हे आपलं, असं मनाशी म्हणत त्यांनी खांबावर हात ठेवला होता.

आणि मग पुष्पाबाईंनी पेटी उघडली.

उद्या रविवार, चर्चच्या वर्धापनाचा दिवस. प्याला वर्षातून त्याच दिवशी प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, बाहेर निघायचा. एरवी तो पाळकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, आणि ती पुष्पाबाईंच्या कमरेच्या पिशवीत. चर्चची झाडलोट, घंटा, किल्ल्या हे सगळं त्यांच्या घराण्याकडं पणज्यापासून चालत आलेलं.

पाळक संपत साळवे धावत आले. मंडळीतली दोन-चार वडीलधारी माणसं जमली. पाठोपाठ प्राध्यापक अंगद बारगजेही आले. ते इतिहासाचे अभ्यासक, या चर्चवर त्यांनी पुस्तक लिहिलेलं. त्याचं प्रकाशन उद्याच व्हायचं होतं, आणि प्याल्याचा इतिहास कोरलेली पितळी पाटीही भिंतीवर लागली होती, उद्या पडदा सरकवायची. ते ख्रिस्ती नव्हते, पण या वास्तूवर त्यांचा जीव होता आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पुष्पाबाई पुन्हापुन्हा तेच सांगत होत्या, सकाळी फोटो काढून झाल्यावर पेटी कपाटात गेली, कुलूप लागलं, त्यानंतर कपाट आत्ताच उघडलं.

प्राध्यापक पुढं आले. मग फार वाईट वाटत असल्यासारखं म्हणाले, "मला बोलायचं नव्हतं. पण चारच्या सुमाराला मी येऊन गेलो. प्याला तेव्हा बाहेर होता, वेदीवर. उद्यासाठी पुष्पाबाईंनीच काढून ठेवला असेल असं वाटलं मला."

खोलीतली सगळी तोंडं पुष्पाबाईंकडं वळली.

२

वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की पोलिसांना बोलवावं. पाळकसाहेब मध्ये पडले. पुष्पाबाईंना लहानपणापासून ओळखणारा माणूस तो. संध्याताईंनी येण्याआधी फोनवर आपली जुनी नोकरी सांगितली होती, म्हणून त्यांनी त्यांना बाजूला घेऊन विनंती केली की उद्या सकाळपर्यंत तुम्हीच काय ते पाहा. संध्याताईंनी दोन अटी घातल्या. कुणालाही बोल लावायचा नाही आणि आज रात्री चर्चची किल्ली पाळकसाहेबांनी स्वतःजवळ ठेवायची.

पहिल्यांदा त्या पुष्पाबाईंजवळ जाऊन बसल्या. पुष्पाबाई मागच्या पायरीवर ताठ बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मावशी, सकाळचं सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. मंठ्याचा देवानंद नावाचा फोटोवाला पुस्तकासाठी फोटो काढायला आला होता. पाळकसाहेब होते, प्राध्यापक होते. पाळकांनी देवानंदसाठी पायपेटी वाजवून दाखवली. पायपेटी म्हणजे चर्चचा जुना, पायानं भाता मारायचा बाजा, गेल्याच महिन्यात दुरुस्त होऊन आलेला. मग भिवाबुवांच्या मठाचे राधाकिसन महाराज आले. जुन्या जालन्यातला तो मठ आणि हे चर्च यांचं जाणंयेणं पूर्वीपासूनचं. महाराजांनी प्याला पाहिला, चहा घेतला, निघाले. त्यांना पोचवायला पाळकसाहेब आणि पुष्पाबाई फाटकापर्यंत गेले. परत येईपर्यंत प्राध्यापकांनी पेटी बंद करून कपाटात ठेवली होती. पुष्पाबाईंनी कुलूप घातलं. मग प्राध्यापक रिकाम्या हातानं, पाळकांशी बोलत निघून गेले.

"पेटी तुम्ही उघडून पाहिली?"

"न्हाई ताई. सर मोठा माणूस. त्यायनं ठिवली म्हणल्यावर म्या कशाला उघडू?" त्यांनी अंगणाकडं बोट केलं. "चार वाजता मी अंगण झाडून राह्यले होते. सर आल्ते, आत गेल्ते, जल्दी रिकाम्या हातानं भाईर आले. पर कपाट म्या उघडलं न्हाई. माझ्या आज्यानं ही घंटा वाजवली. चोरी कराया आमाला इतक्या पिढ्या थांबायची गरज नव्हती."

शेवटचं वाक्य त्या रागानं बोलल्या नाहीत. मान वर करून बोलल्या. संध्याताईंनी आयुष्यात खूप माणसं खोटं बोलताना ऐकली होती. पण केवळ मान ताठ आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्या उठल्या.

देवानंद स्टेशनजवळच्या लॉजवर सापडला. त्याची बॅग मोठी होती आणि दार उघडताच त्यानं ती पलंगाखाली सारली. संध्याताईंनी काही न विचारताच तो घाबरून बोलू लागला. बॅगेत उसनी आणलेली महागाची लेन्स होती, तडा गेलेली, आणि मालकाला अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांनी लेन्स पाहिली, बॅग पाहिली आणि त्याला सकाळचे फोटो दाखवायला सांगितले.

फोटो सुरेख होते. वेदीच्या मधोमध प्याला आणि त्याच्यावर वरून पडलेला लाल उजेड. चांदी जणू आतून पेटली होती.

"हे कधीचं?"

"सकाळचं, ताई. त्या लाल उजेडासाठी मी लई थांबलो. ऊन वर चढलं की तो वेदीवर उतरतो आन मंग सरकून जातो. त्यानंतर मी भाईरून मनोऱ्याचे फोटू काढत होतो. दुपारी जेवून इथं आलो ते झोपलोच."

म्हणजे महाराजांना निरोप देताना पाळक आणि पुष्पाबाई फाटकाशी, देवानंद बाहेर, आणि आत एकटे प्राध्यापक. पण एकटं असणं हा काही गुन्हा नव्हे. आणि एवढ्या विद्वान माणसानं, उद्या त्याचाच सत्कार असताना, प्याला कशाला चोरावा?

त्या चर्चमध्ये परतल्या तेव्हा उद्याच्या गीतांची तालीम चालू होती. पाळकसाहेब पायपेटी वाजवत होते, पण सूर धरत नव्हता. चार स्वर वाजले की दम सुटल्यासारखा आवाज बसायचा. सकाळी तर झकास वाजली, असं म्हणून पाळकसाहेबांनी शेवटी वाजवणं थांबवलं आणि मंडळी नुसती तोंडानंच गायला लागली.

प्राध्यापक मागच्या बाकावर बसून ऐकत होते. संध्याताई त्यांच्याशेजारी बसल्या. पुष्पाबाईंबद्दल प्राध्यापक फार हळवं बोलले. गरज माणसाकडून काहीही करवून घेते, पोलीस नकोत, दोन दिवसांत वस्तू आपोआप परत येईल असं त्यांचं मन सांगत होतं.

संध्याताईंनी विचारलं, तुम्ही पाहिलात तेव्हा प्याला नेमका कसा होता?

"अगदी डोळ्यांपुढं आहे," ते म्हणाले. बोलण्याची त्यांना हातोटी होती. "वेदीच्या मधोमध. खिडकीतला लाल प्रकाश त्याच्यावर पडलेला, द्राक्षारस ओतावा तसा. मी क्षणभर दारातच थांबलो. म्हटलं, सातासमुद्रापलीकडून पलटणीच्या साहेबाबरोबर आलेली ही वस्तू, आणि आज या मातीत अशी झळकते आहे."

"चार वाजता."

"चारच्या सुमाराला."

संध्याताईंनी मान हलवली. समोर, वेदीच्या वरची काच काळी पडली होती. त्यांनी ठिकठिकाणची जुनी चर्च पाहिली होती आणि अशा जुन्या चर्चची वेदी बहुधा कुठल्या दिशेला असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हे चर्चही त्याला अपवाद नव्हतं, दारातून आलेलं कलतं ऊन त्यांनी आल्याआल्याच पाहिलं होतं.

हा माणूस खोटं बोलतो आहे, एवढं नक्की झालं. का, ते मात्र कळेना.

निघताना त्यांनी पाळकसाहेबांना सहज विचारलं, सकाळी राधाकिसन महाराज काय म्हणाले? पाळक हसले. म्हणाले, विशेष काही नाही. त्यांना प्याला उलटा करून तळ बघायचा होता.

३

कुंडलिका नदीच्या अलीकडं जुन्या जालन्यात भिवाबुवांचा मठ आहे. दार एवढं ठेंगणं की प्रत्येकाला वाकावं लागतं, आत मात्र मोकळं चौसोपी अंगण. संध्याताई हा मठ दुसऱ्या दिवशी पाहणार होत्या, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. पोचल्या तेव्हा आरती नुकतीच आटोपली होती.

राधाकिसन महाराज हे उंच, सावळे, बोलायला गोड गृहस्थ. घराणं मेंढपाळाचं, आणि ते स्वतः हे आधी सांगत. त्यांनी पाहुणीला प्रसाद दिला आणि प्याला गेल्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला एक दाखवतो."

त्यांनी देवघरातून एक चांदीचं ताट आणलं. जुनं, जड, कडेला बारीक ठोकून नक्षी काढलेलं. त्यांनी ताट उलटं केलं. तळाशी नखाएवढा शिक्का होता. खडावांची जोडी, आणि दोन खडावांच्या मधून वर आलेलं ज्वारीचं कणीस.

तो शिक्का मठाचा. मठासाठी जालन्यातल्या सोनारानं घडवलेल्या प्रत्येक भांड्यावर तो असे. महाराजांच्या गुरूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की मोठ्या दुष्काळात मठाची चूल आणि चर्चची चूल एकच झाली होती. मठाची कोठारं रिकामी झाली तेव्हा चर्चनं धान्य मिळवलं, आणि रांधायला माणसं मठानं दिली. ख्रिस्ती, मराठा, महार, मुसलमान सगळे एका रांगेत जेवले. दुष्काळ सरला तेव्हा बुवांनी मठाची चांदी आटवून एक प्याला घडवला आणि चर्चला दिला. "गुरू म्हणायचे, आपलं एक भावंड तिकडं नांदतं."

"ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत?"

"पुरावा न्हाई तर बोलायचं कसं? सरांच्या पुस्तकात प्याला विलायतेहून आला असं छापलंय हे कानावर आलं, म्हणून आज मुद्दाम गेलो. म्हणलं, तळ बघू द्या. प्याला सरांच्या हातात होता. त्यांनी तो तिरपा करून सोता बघितला, आणि लगेच मखमलीत ठेवला. म्हणाले, जुनी चीज आहे, उलटीपालटी करायला नको. मंग पाळकसाहेबच बोलले, उद्या सगळ्यांसमोर बघू. मी म्हणलं, बराबर आहे."

संध्याताईंनी ताट हातात घेतलं. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. वाटूरहून जालन्यापर्यंतची ती सगळी काळी रानं, ज्वारीची कणसं, त्यांची आजी ज्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची ते दुष्काळ, सगळं त्या नखाएवढ्या खुणेत आलं होतं. आणि एका माणसानं ते आज सकाळी पाहिलं आणि झाकून टाकलं.

का, ते आता कळलं. पुस्तक छापून तयार, पाटी भिंतीवर चढलेली, आणि उद्या भरल्या मंडळीत प्याला उलटा होणार. उद्याचा दिवस प्याल्यावाचून पार पडला की झालं. मग तो "आपोआप" सापडला असता, आणि तळाकडं पाहायची कुणाला आठवणही उरली नसती.

राहिला प्रश्न एकच. प्याला कुठं आहे? प्राध्यापकांच्या हाती फाटकापर्यंत जाऊन येण्याएवढाच वेळ होता, आणि बाहेर अंगणात देवानंद होता. सकाळी ते रिकाम्या हातानं, पाळकांबरोबर बोलत बाहेर पडले होते. चार वाजता आले तेही पुष्पाबाईंच्या नजरेसमोरून, तसेच. म्हणजे प्याला चर्चच्या बाहेर गेलाच नव्हता.

अंगणात भजनाला सुरुवात झाली होती. पेटीवाल्यानं पेटी पुढ्यात ओढली, दोन स्वर लावले, आणि आवाज एकदम घुसमटला. शेजारच्या टाळकऱ्यानं हसत हात घातला आणि पेटीच्या मागं अडकलेला लोड बाजूला ओढला. भात्याला पसरायला जागा झाली आणि सूर मोकळा झाला.

संध्याताई ताट महाराजांच्या हाती देत उठल्या.

"महाराज, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत चर्चला या. आणि हे ताट बरोबर आणा."

४

रविवारी सकाळी उपासनेच्या बऱ्याच आधी पाळकसाहेबांनी दार उघडलं. संध्याताईंखेरीज आत पाचच माणसं आली. पाळक, पुष्पाबाई, प्राध्यापक, देवानंद आणि राधाकिसन महाराज. बाहेर अंगणात मंडळी जमू लागली होती. रात्रीतून बातमी पसरली होती आणि पुष्पाबाई आल्या तेव्हा बायका बोलता बोलता थांबल्या होत्या.

संध्याताईंनी पाळकांच्या घरून एक साधा स्टीलचा गडवा आणवला होता. तो त्यांनी वेदीच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना बाकांवर बसायला सांगितलं.

ऊन हळूहळू चढत होतं. काल विझलेली काच आता जागी झाली होती. आधी लाल पट्टा बाकांमधल्या फरशीवर पडला, मग तो मागं सरकत वेदीच्या पायऱ्यांवर आला, पायऱ्या चढला आणि गडव्याला लागला. साधं स्टील, पण क्षणभर ते माणिकासारखं दिसलं.

"सर," संध्याताई म्हणाल्या, "काल तुम्ही सांगितलेलं दृश्य हेच ना?"

प्राध्यापकांनी मान हलवली आणि मग ती तशीच थांबली.

"खिडकी पूर्वेला आहे. हा उजेड सकाळीच येतो. दुपारनंतर ऊन त्या दारातून येतं आणि ही काच काळी पडते. चार वाजता प्याल्यावर लाल प्रकाश पाहणं कुणालाच शक्य नाही. तुम्ही पाहिलंत ते खरं, पण सकाळी पाहिलंत. दुपारी प्याला वेदीवर नव्हताच. तुमच्या पुस्तकात ही खिडकी पूर्वेची आहे असं तुम्हीच लिहिलं असणार."

"लिहिलंय," प्राध्यापक पुटपुटले.

मग संध्याताईंनी बाकीचं सांगितलं, शांतपणे, आरोप न करता. सकाळी प्राध्यापकांनी कपाटात ठेवली ती रिकामी पेटी. पुष्पाबाईंनी विश्वासानं कुलूप लावलं ते रिकाम्या पेटीला. म्हणून कुलूप तुटलं नाही आणि किल्ली हलली नाही. पण मग पेटी शेवटची हाताळणारा माणूस म्हणून बोट प्राध्यापकांकडंच वळलं असतं. म्हणून त्यांना दुपारची गोष्ट रचावी लागली, आणि ती खरी वाटावी म्हणून सकाळचा उजेड तिच्यात घालावा लागला.

"आणि प्याला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"पाळकसाहेब, तुमची पायपेटी सकाळी झकास वाजली आणि संध्याकाळी तिचा दम सुटला. मधल्या वेळात काय झालं? भात्याला पसरायला जागा राहिली नाही, एवढंच."

पाळक गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बाजाच्या खालची फळी ओढली. भाता आणि लाकडाच्या मध्ये, हातरुमालात गुंडाळलेला प्याला होता. रुमाल प्राध्यापकांचा.

राधाकिसन महाराजांनी दुष्काळाची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि ताट वेदीवर उलटं ठेवलं. पाळकांनी प्याला त्याच्याशेजारी उलटा धरला. लाल उजेडात दोन्ही शिक्के दिसत होते. खडावा आणि खडावा. कणीस आणि कणीस.

प्राध्यापक शिक्के पाहायला उठले होते ते खाली बसले. बोलू लागले तेव्हा त्यांच्या आवाजात कालची हातोटी नव्हती. एका जुन्या इंग्रजी लेखात पलटणीनं चर्चला चांदी दिल्याचा उल्लेख होता, त्यावरून त्यांनी प्याला विलायतेचा ठरवला. तळ पाहावा असं कधी सुचलं नाही. काल पाहिला, आणि छापलेलं पुस्तक आठवलं. फक्त आजचा दिवस टाळायचा होता. पुष्पाबाईंचं नाव येईल हा विचार आधी केला नव्हता, आणि आलं तेव्हा मागं फिरायचं धैर्य झालं नाही.

"सर, तुम्हाला या गावाचा अभिमान आहे," महाराज म्हणाले. "मंग आपली चीज मोठी करायला ती विलायतेहून कशाला आणायची? ती इथली आहे हेच मोठं न्हाई का?"

प्राध्यापकांनी पुष्पाबाईंकडं पाहून हात जोडले.

पुष्पाबाई इतका वेळ बाकाच्या कडेला बसून होत्या. त्यांनी ते जोडलेले हात पाहिले आणि मान हलवली.

"असं न्हाई सर. काल तुमी माझं नाव चार माणसांत घेतलं. रात्रीत ते चारशे माणसांत गेलं. आता चारशे माणसांतच बोला. हितं कोपऱ्यात हात जोडून माझं काय व्हनार?"

प्राध्यापक उठले, भिंतीजवळ गेले आणि पितळी पाटीवरचा पडदा स्वतःच्या हातानं काढून पाटीचे खिळे सैल करू लागले. देवानंदनं पुढं होऊन मदत केली. पाटी उतरली, तेव्हा तिच्यामागचा काळा दगड स्वच्छ दिसला.

घंटा झाली. ती पुष्पाबाईंनीच दिली. चर्च भरलं, बाक पुरले नाहीत, माणसं भिंतींना लागून उभी राहिली. पहिल्या बाकावर राधाकिसन महाराज, त्यांच्या शेजारी संध्याताई. गीत झालं, आणि आज बाजाचा सूर कमानींपर्यंत गेला.

प्राध्यापक अंगद बारगजे पुढं आले. त्यांनी पुस्तक हातात धरलं होतं, पण त्यातून वाचलं काहीच नाही. प्याला मी लपवला होता, पुष्पाबाईंवर मी खोटा आळ घेतला, असं त्यांनी दोन सरळ वाक्यांत सांगितलं. मग दुष्काळाची, एका चुलीची, आटवलेल्या चांदीची आणि जालन्याच्या सोनाराची गोष्ट सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज हळूहळू पुन्हा लागला. हे पान मी नव्यानं लिहीन, ते म्हणाले, आणि लिहिण्याआधी या वेळी विचारीन. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं "बराबर" म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

प्रभुभोजनाची वेळ झाली. प्याला दरवर्षी मंडळीतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसानं वेदीपर्यंत न्यायचा अशी रीत होती. पाळकसाहेबांनी त्या ज्येष्ठांकडं पाहिलं. ज्येष्ठांनी प्याला उचलला, दाराजवळ उभ्या असलेल्या पुष्पाबाईंपाशी नेला आणि त्यांच्या हातात दिला.

पुष्पाबाई थोड्या थबकल्या. त्यांच्या पणज्यानं, आज्यानं, बापानं या दारात उभं राहून आयुष्य काढलं होतं. मधल्या वाटेनं झाडू घेऊन त्या हजारदा गेल्या असतील, भरल्या चर्चमध्ये मात्र कधीच नाही. त्यांनी पदर सावरला, प्याला दोन्ही हातांत छातीशी धरला आणि चालू लागल्या. हळू, मान वर ठेवून.

पहिल्यांदा उठल्या त्या मागच्या बाकावरच्या, सकाळी बोलता बोलता थांबलेल्या बायका. मग त्यांच्या पुढचा बाक उठला. मग त्याच्या पुढचा. महाराज उठले, संध्याताई उठल्या. पुष्पाबाई वेदीच्या पायरीशी पोचल्या तोवर चर्चमध्ये बसलेलं कुणीही उरलं नव्हतं.